फोनाने विचारलं म्हणून

या, अंमळ जवळ सरकून बसा. सतरंजीवर जागा आहे. हातातला फोन तेवढा पालथा ठेवा, कारण आज सांगणार आहे ती त्याच्याच भाऊबंदांपैकी एकाची गोष्ट आहे, आणि कोणाच्या तोंडावर त्याच्या घरातलं बोलू नये.

इंझोरीचे उकंडराव हे गावातले पहिले स्मार्टफोनधारक. बाकी गाव बटणं दाबत होतं तेव्हा त्यांनी मंगरूळपीरला मुन्नाच्या दुकानातून बिनबटणाचा फोन आणला. मुन्नाने सगळी माहिती स्वतःच भरून, फोन चालू करून हातात ठेवला. पुढे कितीतरी दिवस लोक येऊन, बटणं गेली कुठे, म्हणून फोन उलटा करून पाहायचे.

फोनाला कुलूप होतं. ते उघडायला काचेवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवावं लागे. उकंडराव ते देवाला गंध लावावं तसं, कोपर वर करून, सावकाश फिरवत. त्यामुळे ती गुप्त खूण भजनी मंडळाला, पिठाच्या गिरणीला आणि शाळेतल्या पोरांनाही पाठ झाली. कोणाला फोन लावायचा असला की तो ओसरीवर येई, कुलूप उघडी, बोले आणि पुन्हा लावून जाई. कुलूप होतं ते कुत्र्यामांजरांनी आत शिरू नये, एवढ्यापुरतं.

अपडेट मात्र उकंडरावांनी कधी हसण्यावारी नेलं नाही. फोनावर ‘नवीन अपडेट उपलब्ध आहे’ असं आलं की ते आंघोळ करत, फोन पाटावर ठेवत, उदबत्ती लावत आणि समोर मांडी घालून बसत. काचेवरची निळी रेघ पुढे सरकेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. दर अपडेटनंतर फोन थोडा मंद होई आणि उकंडरावांचा अभिमान थोडा वाढे.

मागच्या वर्षी त्यांची माय, सोजरबाई, गेली. वर्षश्राद्धाला त्यांनी कीर्तन ठेवलं. महाराजांनी निरोप धाडला की माउलीचा फोटो समोर असू द्या, हार घालून उभं राहू. मायचा जगात एकच फोटो होता आणि तो या फोनात होता. तो काढून, मोठा करून, चौकटीत बसवायचा होता. श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी फोन उघडण्याआधी अपडेट आलं. मायच्या कामाला फोन शिळा कशाला, म्हणून उकंडरावांनी उदबत्ती लावली.

रेघ पूर्ण झाली. उकंडरावांनी कोपर वर करून बोट फिरवलं. फोनाने ते विचारात घेतलं नाही. काचेवर मजकूर आला: ‘नवीन सुरक्षा धोरणानुसार आपली ओळख पटवणे आवश्यक आहे. कृपया आपल्या आईचे विवाहापूर्वीचे नाव लिहा.’

उकंडरावांनी ‘सोजर’ लिहिलं. चूक.

सून राखी जवळच तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, “मामाजी, सोजर तं सासरचं नाव झालं. माहेरचं काय होतं?”

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, वाजंत्री वाजते. जुनं नाव कुठे गेलं हे कोणी विचारत नाही. तांदूळ मात्र परत डब्यात जातात.

“माय होती वं,” उकंडराव म्हणाले. “आमी माय म्हणो.”

राखीने तेही लिहून पाहिलं. चूक.

मग कंपनीच्या मदत केंद्राला राखीच्या फोनवरून फोन लावला. पलीकडे साक्षी नावाची मुलगी होती. आपली मदत करताना तिला आनंद होत असल्याचं तिने आधीच सांगून टाकलं. मग ती म्हणाली, “सर, खात्रीसाठी आईंना फोन देता का?”

“माय वारली, बाई.”

“ऐकून वाईट वाटलं, सर. मग त्यांच्या मृत्यूचा दाखला आपल्या नोंदणीकृत फोनवरून पाठवा.”

“तो फोन तं उघडून नाही राह्यला.”

“मग आधी तो उघडून घ्या, सर.”

एवढं झाल्यावर, सेवेने आपण कितपत समाधानी आहात, असं एका यंत्राने विचारलं. पोरगी गोड बोलली होती, तिचं कायले वाईट करा, म्हणून उकंडरावांनी पूर्ण समाधान कळवलं.

मायचं माहेर आसेगावचं. तिथे जन्माची नोंद असेल या आशेने ते निघाले. कार्यालयातल्या उदयसिंग बाबूंनी माणूस भला असल्याने दप्तर खरोखर काढलं, धूळ झटकली आणि नोंद वाचली: ‘मुलगी, एक.’ ते म्हणाले की नावाचा रकाना त्या काळी मुलांसाठी वापरात असे, मुलींच्या बाबतीत संख्या पुरे. नावाची दुरुस्ती अजूनही करता येईल, त्यासाठी संबंधित मुलीने पालकासह समक्ष हजर राहावं.

उकंडराव बाहेर आले आणि पारावर टेकले. वर्षश्राद्ध उद्यावर आलं होतं. कोणीतरी सुचवलं की कमलीबाईले विचारा, ती तुमच्या मायबरोबरची आहे. कमलीबाई अंगणात उन्हाला बसून वाती वळत होती. प्रश्न ऐकून तिचे हात थांबले.

“गोकर्णा,” ती म्हणाली. “गोकर्णा नाव होतं तिचं. चिंचीवर अशी चढे की पोट्टे खाली तोंड पाहत राहत. अन् गळा असा होता, का जात्यावर बसली की शेजारच्या बाया आपलं जातं थांबवत.”

उकंडरावांना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मायला चिंचेच्या झाडाखाली चिंचा वेचतानाच पाहिलं होतं.

“अन् आज काहून आठवलं रे तुले?” कमलीबाईने विचारलं.

उकंडरावांनी खरं ते सांगितलं. म्हातारीने एक वात पुरी केली, बाजूला ठेवली.

“म्हंजे फोनानं विचारलं म्हणून आला,” ती म्हणाली. “फोन भला हाये बापू. कोणी तं विचारलं.”

घरी येऊन उकंडरावांनी हात धुतले आणि ‘गोकर्णा’ लिहिलं. फोन म्हणाला, चूक.

आता मात्र ते फोन घेऊन थेट मुन्नाकडे गेले. मुन्नाने ऐकून घेतलं, काचेवर दोन अक्षरं उमटवली आणि फोन खुला झाला.

“काय लिहिलं?”

“पुष्पा. माह्या मायचं नाव,” मुन्ना म्हणाला. “दादा, दुकानात गर्दी राह्यते. एकेकाची माय कुठं विचारत बसू? सगळ्याइच्या फोनात हेच टाकतो.”

अशा रीतीने अर्ध्या तालुक्याची आई पुष्पाबाई असल्याचं उघड झालं, आणि नव्या सुरक्षा धोरणाला त्यात काहीही आक्षेपार्ह आढळलं नाही.

फोटो होता. उकंडरावांनी तो बोटांनी मोठा केला. माय फोटो काढायला लाजली होती. तिने पदर नाकावर ओढून तळहात पुढे केला होता. दिसत होता तो हात, चार बांगड्या, आणि कोपऱ्यात उकंडरावांचा स्वतःचा अंगठा.

दुसऱ्या दिवशी कीर्तनाला गाव जमलं. समोर चौरंगावर चौकट नव्हती. ताट होतं. त्यात तांदूळ पसरले होते, आणि उकंडरावांनी आपल्याच बोटाने, कोपर वर करून, सावकाश लिहिलं होतं: गोकर्णा. महाराजांनी ताटाला हार घातला. टाळ वाजले. पूर्वरंगातच त्यांनी ते नाव घेतलं तेव्हा मागे बसलेल्या बायांपैकी कितीतरी जणी पदराआड आपापलं काहीतरी पुटपुटल्या. नवऱ्यांनी वळून पाहिलं, पण कोणाला काही समजलं नाही.

फोन त्या वेळी उकंडरावांच्या खिशात थरथरला. नवीन अपडेट उपलब्ध होतं. त्यांनी पहिल्यांदाच ‘नंतर’ म्हटलं.

झाली कथा. आता फोन सुलटा करायला हरकत नाही; त्याच्या खुणा, आकडे, ठिपके सगळं तुम्हाला झोपेतही पाठ आहे, हे मी जाणतो. फक्त उघडण्याआधी आईचं माहेरचं नाव आठवून पाहा. आठवलं तर एकदा मोठ्याने घ्या, घरातल्यांना ऐकू जाईल असं. आणि नाही आठवलं, तर लाजू नका, पण विचारून येईपर्यंत गोकर्णाची आठवण ठेवा.