बाराही देशांना मान्य असलेला मुलगा

मेलेला माणूस कुणाशी वाद घालत नाही. म्हणूनच त्याच्याबाबतीत बारा देशांचं एकमत होऊ शकतं. दहशतवादाच्या बळींचा स्मृतिदिन पाळणारी आमची आंतरराष्ट्रीय समिती याच भक्कम पायावर उभी आहे. श्रद्धांजलीचे मजकूर मी लिहितो. आजवर माझ्या हाताखालून गेलेले सर्वच्या सर्व मृत हसतमुख, मनमिळाऊ आणि परोपकारी निघाले. (एक जण नुसताच हसतमुख होता. पानावर जागा उरली नव्हती.)

मी स्वतः तापट आहे, असं घरचे म्हणतात. हे धादांत खोटं असल्याचं मी त्यांना वेळोवेळी ओरडून सांगितलं आहे.

यंदा बाजारातल्या बॉम्बस्फोटात गेलेल्या एका चावीवाल्याची आई व्यासपीठावर बसणार होती. रीतीप्रमाणे तिला मजकूर आधी दाखवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"हा कोण?"

"तुमचा मुलगा, मावशी."

"छे! इतका गोड असता तर लग्न नसतं का जमलं त्याचं? दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसायचा तो."

मी समजावलं, की खेकसणाऱ्या माणसामागे बारा देश उभे करणं जड जातं. अतिरेकाविरुद्धच्या एकजुटीत स्वभावाला वाव नसतो. सगळी माणसं एकसारखी असावीत असं अतिरेक्यांनाही वाटतं, हे खरं. पण आम्ही निदान माणूस मरेपर्यंत थांबतो. (हा फरक आमच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापला आहे.)

मावशी ऐकेनात. "त्याचा आवाज विसरत चाललेय मी," त्या म्हणाल्या. "खेकसणं तेवढं कानात राहिलंय. तेही पुसायला निघालात?"

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटल्यावर करायची कार्यवाही ठरलेली आहे. मी त्यांना पाणी दिलं आणि मजकूर तसाच ठेवला.

समारंभात मी तो वाचला. सभागृह गंभीर झालं, म्हणजे पेंगू लागलं. तेवढ्यात मावशींनी माइक स्वतःकडे ओढला.

"'चावी सांभाळता येत नाही, तर घराला दार कशाला ठेवता?' असं म्हणायचा माझा मुलगा. गिऱ्हाइकांना, आणि मलासुद्धा."

आधी आमचे लोक हसले. मग दुभाष्यांच्या वेगानुसार एकेक देश हसला. शेवटच्या रांगेतला देश हसेपर्यंत पहिल्या रांगेतले डोळे पुसू लागले होते. समितीच्या इतिहासात बारा देशांनी मिळून केलेली ही पहिलीच गोष्ट. इतिवृत्तात मी ती 'किरकोळ व्यत्यय' या सदराखाली नोंदवली.

तेव्हापासून नातेवाइकांचे अर्ज येताहेत. आमचे बाबा प्रत्येक चहाला नावं ठेवायचे, आमची ताई उसनी छत्री परत करत नसे, तेवढं लिहा. सगळे अर्ज नामंजूर केले आहेत.

वाचकहो, तुमच्याही घरात आत्ता कुणीतरी तुमच्यावर खेकसत असेल. मन लावून ऐकून घ्या. उद्या ते माणूस माझ्या मजकुरात आलं, तर तुम्हालाही ओळखू येणार नाही. आणि तरी तुम्ही माझा हात हातात घेऊन म्हणाल, "छान लिहिलंत."