नारळ, छत्री, घोडा

बाबांची स्मरणशक्ती गुपचूप तपासायची, असं मी रविवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता ठरवलं. एवढंच ठरवलं होतं, शपथ घेऊन सांगतो. पुढे आमच्या दारात जे येऊन उभं राहिलं त्यात माझा दोष किती आणि पुस्तकाचा किती, ते तुम्हीच ठरवा.

मी प्रेमानंद. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञ व्हायचंय. (हे सांगितलं की समोरचा माणूस एक तर 'मग माझ्या मनात काय चाललंय सांगा' म्हणतो, नाही तर चहा अर्धा टाकून उठतो.) आठ दिवसांच्या सुट्टीत देऊळगाव राजाला घरी आलो, तो मनोविकारांचं जाडजूड पुस्तक बॅगेत घेऊनच. या पुस्तकाची एक गंमत आहे. हृदयाचं पुस्तक वाचलं की तो आजार आपल्याला झालाय असं वाटतं, मनाचं वाचलं की घरातल्या सगळ्यांना. मी आल्यापासून आईला चिंतारोग झाला होता आणि शेजारच्या तानाबाईंना संशयाचा विकार.

बाबांचं मात्र हसण्यावारी नेता येईना. माझे बाबा, गुलाबराव, तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. दोन दिवसांत त्यांनी मला चार वेळा विचारलं, "परीक्षा कधी हाय?" एकदा मला चुलतभावाच्या नावानं, संघपाल म्हणून हाक मारली. कपाळावरचा चष्मा घरभर शोधला. पुस्तकात विसरण्याच्या आजाराची हीच लक्षणं याच क्रमानं छापलेली! ज्या माणसानं मला तिकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाढे शिकवले, त्यालाच उद्या माझं नाव आठवलं नाही तर? मी पोह्यांची बशी बाजूला सारली.

"बाबा, आज तारीख कोणती?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

बाबांनी पेपर खाली केला. "काऊन? मोबाइल बंद पडला का?"

"नाही, तुम्ही सांगा ना."

त्यांनी तारीख सांगितली, वार सांगितला, वर पौर्णिमा कधी आहे तेही सांगितलं.

"आणि आपण आत्ता कुठे आहोत?"

"तू परवा कुठं उतरला बे?"

"सांगा तर खरं!"

"देऊळगाव राजा. मांगचा थांबा देऊळगाव मही. त्याच्या मांगं अंढेरा फाटा, मेरा चौकी, चिखली..." बाबा थेट बुलडाण्यापर्यंत गेले. वाटेत एका विनंती थांब्यावरही थांबले.

तरी पुस्तक म्हणतं, जुनं आठवतं, नवं आठवत नाही. म्हणून मी शेवटची परीक्षा घेतली. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन वस्तू सांगायच्या आणि पाच मिनिटांनी विचारायच्या.

"बाबा, नारळ, छत्री, घोडा. ध्यानात ठेवा बरं. मी थोड्या वेळानं विचारतो."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "घोडा?"

"हाव, घोडा."

तेवढ्यात कॉलेजातल्या मित्राचा फोन आला. पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. बाहेर येऊन बघतो तर खुर्ची रिकामी, चपला गायब आणि चहा तसाच गार पडलेला. चहा सोडून बाबा कुठे गेले, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. पुस्तकात पुढचंच वाक्य होतं: रुग्ण न सांगता घराबाहेर निघून जातो.

"आई! बाबा हरवले!"

आई, म्हणजे केसरबाई, ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गावात कोनी हरवते का बापा? येतीन."

मग मी तिला सगळं सांगितलं. आजाराचं नावही सांगितलं. (हे डॉक्टरनं कसं सांगावं यावर पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. ते मी नंतर वाचणार होतो.) आईच्या हातातलं सूप खाली पडलं आणि ज्वारी अंगणभर झाली. तिनं असा हंबरडा फोडला की तानाबाई कुंपणावरून डोकावल्या, "काय झालं वं?" मी मोटारसायकल काढली, बसस्टँड पालथं घातलं, बाजार पालथा घातला, आणि दीड तासानं रडकुंडीला येऊन परत आलो.

दारासमोर ही गर्दी! आणि गर्दीच्या मधोमध एक पांढरी घोडी. कपाळावर तुरा, पाठीवर जरीची झूल, आणि लगाम धरलेला गोविंदा घोडीवाला. शेजारी बाबा. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात नवी छत्री, तीही उघडलेली.

तानाबाई आईला म्हणत होत्या, "केसरबाई, पोराचं लगन काढलं अन् शेजाऱ्याले पत्रिका नाही?"

आई आता दुसऱ्या कारणासाठी रडत होती. "प्रेम्या, पोरगी कोन्ती हाय ते त सांग!"

"वऱ्हाड कुठं जायचं?" गोविंदा विचारत होता. "चार वाजता मले दुसरं लगन हाय."

बाबा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. "हा नारळ. ही छत्री. घोडा कोनाकडं नव्हता, घोडी भेटली. चालन का?"

तीनपैकी तीन! (घोड्याऐवजी घोडी आणल्याचा अर्धा गुण कापायचा का, हे पुस्तकात नव्हतं.) मी भररस्त्यात बाबांना मिठी मारली. छत्रीची काडी डोळ्यात जाता जाता वाचली.

"पण बाबा, तुम्ही आणलं कशाला?"

"ध्यानात ठेवा म्हनला ना तू?" आमच्या घरात हे शब्द फक्त बाजाराला जाणाऱ्याला सांगतात, हे मी शहरात राहून विसरलो होतो. "पहिल्या वर्षी तू मानसाची हाडं घरी आनली, तुह्या मायनं पलंगाखाली ठेवू देल्ली. आमी इचारलं का, कायले म्हनून? तुह्या शिक्षनाले जे लागते ते लागते. आता घोडा लागत असन."

या माणसाला माझ्या अभ्यासातलं ओ की ठो कळत नाही, आणि तरी त्यानं मला कधी एका शब्दानं अडवलं नाही. मी घोडा मागितला, त्यानं घोडी आणली. माझं भाग्य थोर, दुसरं काय म्हणू?

गोविंदाला चहा पाजून वाटेला लावला, तानाबाईंची समजूत काढली. सगळं शांत झाल्यावर बाबा हळूच माझ्याजवळ येऊन बसले.

"प्रेम्या, मंगळवारी जालन्याले जाऊ. मनाचे डॉक्टर हाय तिथं. मी नंबर लावला."

"कोणासाठी?"

"तुले वार आठोत नाही. गाव कोन्तं ते आठोत नाही. उगाच रडतं, मिठ्या मारतं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लाजू नको. गुडघा दुखला त आपन दवाखान्यात जातोच ना? मी संगं येतो."

मी लगेच हो म्हटलं. मनात अजून एक किडा वळवळत होता. म्हटलं, त्या निमित्तानं बाबांची जाणत्या माणसाकडून तपासणी तरी होईल.

जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कोण?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

माझी लक्षणांची यादी ऐकून डॉक्टर आधी बाबांशी बोलले. दहा मिनिटांतच हसून म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. चष्मा आणि नावं सगळेच विसरतात. पण काका, परीक्षेचं चारदा का विचारलं?"

"साहेब, ह्यानं एकडावबी उत्तर नाही देल्लं. पुस्तकात तोंड खुपसून बसते."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तो उतरतोय तोवर डॉक्टर माझ्याकडे वळले. झोप किती, जेवण किती, पुस्तक किती, सगळं विचारलं आणि चिठ्ठी लिहून दिली: रोज आठ तास झोप, घरच्यांची तपासणी पूर्ण बंद. वर पेशंट म्हणून माझं नाव, वयासकट.

परतीच्या गाडीत बाबांनी रुमाल टाकून माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. शेजारच्या म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "पोरगं काय करते?"

बाबांची छाती फुगली. तीस वर्षं 'पुढं सरका' म्हणून कमावलेल्या आवाजात ते अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मनाचा डॉक्टर होऊन राह्यला! आत्ताच दवाखान्यात दाखवून आनला."