तात्यांच्या जीपचे चार टायर

हवालदार तात्या माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलत नाहीत. आधी त्याच्या गाडीच्या चाकाकडे बघतात, वाकतात, अंगठ्याचं नख टायरच्या खाचेत घालतात आणि चाकालाच विचारल्यासारखं म्हणतात, "काय मास्तर, बरं हाय का?" आष्ट्यात मी त्यांच्या शेजारी अकरा वर्षं राहतोय. एवढ्या काळात मला टक्कल पडलं, ते त्यांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. माझ्या स्कूटरचं मागचं टायर गुळगुळीत झालं, तेव्हा मात्र त्यांनी अख्खी गल्ली गोळा केली होती.

फौजेत त्यांनी वीस वर्षं ट्रक चालवला. तिथून येताना ट्रंक, पेन्शन आणि एक वाक्य घेऊन आले. "पकड बगा, पकड!" चप्पल घ्यायची असो की जावई करायचा असो, तात्यांचा सल्ला एकच.

माझ्या पुतणीला बघायला मुलगा आला होता. माणसं आत पोहे खात होती आणि तात्या अंगणात मुलाच्या मोटरसायकलजवळ उकिडवे बसले होते. आत आले ते निकाल घेऊनच. "मागचं टायर पार गेलंय. पोरगं नुसतं ब्रेक मारत हिंडतंय. बिचकं हाय!" मुलाच्या हातातला चमचा तसाच राहिला. स्थळ मोडलं. आमच्या वहिनींनी त्या दिवसापासून तात्यांना चहा विचारलेला नाही, आणि तात्यांना अजून वाटतं की घरातली साखर संपली असावी.

आता एवढ्या मोठ्या टायरपंडिताच्या स्वतःच्या जीपचे टायर कसे असावेत? न्हाव्यानं उलटा वस्तरा फिरवल्यासारखे! आणि नवे घ्यायचे म्हणून तात्या तीन पावसाळे नुसते निवडत होते.

त्याला कारण होतं आक्का. तात्यांची थोरली बहीण, शिराळ्याच्या पुढं डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. नागपंचमीला सगळं जग शिराळ्याकडं धावतं, तेव्हा तात्या आदल्या दिवशी शिराळा ओलांडून पुढं जायचे आणि आक्काला माहेरी घेऊन यायचे. आमच्याकडं बहिणीला न्यायला जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात. तात्यांनी हा मान कधी कुणाला दिला नाही, पोटच्या पोरालासुद्धा नाही.

तीन वर्षांमागं काय झालं, तर वाडीच्या चढणीला जीप चिखलात रुतली. बर्फात ट्रक चालवलेला हा गडी बहिणीच्या दारापासून हाकेच्या अंतरावर चाकं गरागरा फिरवत बसला. वरून आक्का ओरडल्या, "थांब, मीच येते!" आणि बोचकं घेऊन उतरताना पाय घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. त्या सांगलीच्या दवाखान्यात होत्या तोवर तात्या तिथंच व्हरांड्यात झोपले. आक्का घरी गेल्या, तसं तात्यांनी गल्लीत जाहीर केलं, "आता गाडी उंबऱ्याला लागंल, तवाच आक्काला आणीन. तिचं पाऊल चिखलात पडणार न्हाई."

प्रतिज्ञा झकास होती. फक्त तिच्यापायी दोन पंचम्या आक्का माहेराविना राहिल्या.

कारण टायर पसंतच पडेना. शिराळ्यापर्यंत डांबर, पुढं चिखल. चिखलाचं मोठ्या दातांचं टायर घ्यावं, तर ते डांबरावर भुंग्यासारखं गुणगुणतं आणि आक्काचं डोकं उठतं. डांबराचं घ्यावं, तर चढणीला पुन्हा तीच गत. दोन्हीकडं चालणारं मधलं टायर मिळतं, पण मधल्यावर तात्यांचा विश्वास नाही. सांगली, कराड, सातारा, एक दुकान सोडलं नाही. टायरवर ते तयार झाल्याचा आठवडा छापलेला असतो, तो तात्या पत्रिका बघितल्यासारखा वाचायचे. मग टायरचा वास घ्यायचे. कराडच्या एका दुकानदारानं तर यांना लांबून बघून स्वतःच सांगितलं, "मालक गावाला गेलेत."

पावसाळाभर रोज संध्याकाळी आक्काला फोन. तात्या फौजेतल्यासारखे ओरडून बोलतात, त्यामुळं तो भिंतीपलीकडून आम्हालाही ऐकू यायचा. "आक्का, चिखल हाय का गं?" पलीकडून काय उत्तर यायचं ते लगेच कळायचं, कारण तात्या म्हणायचे, "गुडघाभर? बरं, बरं. बगतोय मी टायर."

यंदा पंचमी आठवड्यावर आली आणि माझं डोकं फिरलं. मी तोंडावर म्हणालो, "तात्या, तुम्हाला टायर घ्यायचंच नाही. परत रुतायला नको म्हणून घरात बसलाय झालं! आक्कांचं वय किती?"

तात्या माझ्या स्कूटरकडं न बघता निघून गेले, तेव्हा मला जरा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. "चला मास्तर, सांगलीला." दुकानात गेले आणि पाच मिनिटांत चार टायर घेतले. ते मधलेच! तीन वर्षांमागं पहिल्याच दुकानात पहिल्यांदा बघितले होते ते. चाकाखाली लिंबं ठेवून जीप बाहेर काढली.

पंचमीच्या आदल्या दिवशी मला शेजारी बसवून निघाले. शिराळा मागं पडलं. पाऊस बुरबुरत होता. तात्यांच्या हातांना एवढा घाम की ते सारखे विजारीला पुसत होते. "आलं बगा ते वळण. घट्ट धरा मास्तर."

मी घट्ट धरलं. वळलो. समोर सिमेंटचा रस्ता. चांगला रुंद, थेट आक्कांच्या दारापर्यंत. मधोमध एक म्हैस रवंथ करत बसली होती. कडेला शेवाळ धरलं होतं, म्हणजे कालपरवाचा नव्हता.

तात्या उतरले आणि पायानं रस्ता ठोकून बघितला. वर दारात आक्का काठी टेकून उभ्या होत्या, पायाशी बोचकं.

"आक्का, ह्ये कवा झालं?"

"दीड वर्ष झालं की."

"आणि रोज फोनवर चिखल सांगतीस?"

"मग काय सांगू?" आक्का म्हणाल्या. "रस्ता झाला म्हणलं असतं, तर तू म्हणाला असतास, आता यष्टी दारात येती, तिच्यात बस आणि ये. घरच्यांना बी दम दिलता, कुणी सांगायचं न्हाई म्हणून. मला यष्टी नको व्हती रं. तू यायला पायजे व्हतास."

आता हवालदाराचा भडका उडणार, असं मला वाटलं. तात्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि खाचेत नख फिरवायला लागले. त्या कोऱ्या टायरमध्ये तपासण्यासारखं काही नव्हतं. तात्या रडत होते. तीन वर्षं मी ज्यांची गल्लीभर टिंगल केली, त्यांच्याकडं मला बघवेना. मी म्हशीकडं बघत उभा राहिलो.

आक्का काठी टेकत खाली आल्या. कशाबशा वाकल्या आणि आपल्या अंगठ्याचं नख खाचेत घातलं, अगदी तात्या घालतात तसंच.

"बरं हाय की टायर," त्या म्हणाल्या. "ऊठ आता."

पण तात्यांनी त्यांना पुन्हा वर उंबऱ्यापर्यंत जायला लावलं. जीप उलटी घेत घेत पायरीला टेकवली आणि मगच त्यांना उचलून पुढं बसवलं. मी बोचकं घेऊन मागं.

खाली उतरताना तात्यांनी चांगला रस्ता सोडला आणि डावीकडची दोन चाकं मुद्दाम कडेच्या चिखलात घातली. जीप एका अंगाला कलली. आक्का ओरडल्या, "आरं, रस्ता हाय की हिकडं!"

"असू दे," तात्या म्हणाले. "तीन वर्षं निवडल्यात."

आक्का खो खो हसल्या. हसता हसता त्यांनी तात्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली, ती आष्टा येईपर्यंत सोडली नाही.