आजच्या अंगाची रायफल

कानडेकाका पहिल्या भेटीत हात मिळवत नाहीत, हाताचं माप घेतात. आपण हात पुढे केला की ते तो कोपरात काटकोनात वाकवतात, खिशातून शिंप्याची पिवळी टेप काढतात आणि कोपराच्या खळगीपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत धरतात. "सव्वातेरा," असं स्वतःशीच म्हणतात आणि मग विचारतात, "नाव काय म्हणालात?"

हे माप रायफलचं. खांद्याला टेकणारा दस्ता आणि बोटाखालचा चाप यांत किती अंतर हवं, ते यावरून ठरतं. आता अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या मराठी मंडळात रायफल कोणालाच घ्यायची नसते. सगळे आयटी नाहीतर फार्मावाले. आमची शिकार म्हणजे सेलमधला टीव्ही. पण काकांना त्याचं सोयरसुतक नाही. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत उभं राहून त्यांनी निम्म्या मंडळाची मापं घेतली आहेत. माणसं ते इंचांनीच ओळखतात. "तो चौदाचा कुलकर्णी." "ती पावणेतेराची डेंटिस्ट." एकदा मी अध्यक्षांचं माप विचारलं, तर म्हणाले, "हात आखूड आहे. पण घालतो सगळीकडे."

काका मूळचे इचलकरंजीचे, टेक्स्टाइल इंजिनिअर. तरुणपणी इथल्या एका कापडगिरणीत नोकरीला आले. हरणांचा मोसम सुरू झाला की अख्खी पाळी जंगलात आणि खात्यात काका एकटे. दोन वर्षं त्यांनी ते सोसलं, तिसऱ्या वर्षी तेही गेले. काकूंनी हरणाचा तांबडा रस्सा केला आणि गिरणीतले ते दांडगे गोरे गडी नाकाडोळ्यांतून पाणी गाळत काकांच्या ओट्यावर बसून जेवले. पुढे गिरणी बंद पडली, काकूही गेल्या. मुलगा रेडमंडला असतो, रविवारी फोन करतो. काका, त्यांची टेप आणि कपाटातल्या दोन रायफली तेवढ्या राहिल्या.

आमच्या घरी हे खूळ माझ्या मुलीने आणलं. मुक्ता तेरा वर्षांची. एमिली म्हणून तिची मैत्रीण आहे, तिच्या घरी सगळे शिकारी. "बाबा, आय वॉन्ट टु हंट," तिने जाहीर केलं. माझी बायको वृषाली म्हणाली, "हिचा बाप झुरळ मारायला मला बोलावतो." पण मुक्ता हटली नाही. चार महिने तिने सुरक्षिततेचा कोर्स केला. बरोबर मीही केला, कारण मोठं माणूस सोबत लागतं. तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले. माझे मार्क इथे महत्त्वाचे नाहीत. सप्टेंबरअखेर एक शनिवार फक्त मुलांच्या शिकारीसाठी राखलेला असतो, आणि तो दिवस तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन रंगांत रंगवून ठेवला होता.

आता रायफल घ्यायची. इथे मी जे केलं ते फक्त मराठी बापच करू शकतो. मी वाढत्या अंगाची घेतली.

माझं बालपण वाढत्या अंगाच्या कपड्यांत गेलं. पाचवीत घेतलेली पँट मला आठवीत बसली आणि नववीत फाटली, म्हणजे ती मापात अशी एकच वर्ष होती. एकदाच घ्यायचं, चांगलं घ्यायचं, मोठं घ्यायचं, हे माझ्या रक्तात आहे. स्प्रेडशीट केली, तीन आठवडे रिव्ह्यू वाचले आणि मॅग्नम काडतुसांची, नऊ पौंडांची, पूर्ण लांबीच्या दस्त्याची रायफल पसंत केली. दुकानदार डेल म्हणून एक दाढीवाला होता. तो दोनदा म्हणाला, "सर, हे अस्वलाला चालेल. तुमच्या मुलीसाठी ही छोटी बघा ना, स्वस्त पण आहे." स्वस्तातली वस्तू पुढे करणारा दुकानदार मी आयुष्यात पाहिला नव्हता. यात काहीतरी डाव असणार, अशी माझी खात्री पटली आणि मी महागडीच उचलली.

रेंजवर पहिली गोळी मीच झाडली, मुलीला दाखवायला म्हणून. धडाका झाला, रायफल मागे आली आणि वरच्या दुर्बिणीने माझ्या भुवईवर सुरेख चंद्रकोर काढली. "असं नाही करायचं," मी रुमाल दाबत म्हणालो. मग मुक्ता बसली. दस्ता एवढा लांब की चापापर्यंत पोचायला तिला मान ताणून पुढे सरकावं लागत होतं. तिने एक गोळी झाडली. दुसरीच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे गच्च मिटले. तिसरी झाडलीच नाही. रायफल खाली ठेवली, खांदा चोळला आणि म्हणाली, "आय'म गुड, बाबा."

अमेरिकेत वाढलेलं मूल 'आय'म गुड' म्हणतं तेव्हा विषय संपलेला असतो. घरी येऊन तिने कॅलेंडरचं ते पान उलटून टाकलं. शनिवार तीन आठवड्यांवर होता.

भुवईला पट्टी लावून मी काकांकडे गेलो. त्यांनी मला दारातच थांबवलं.

"पोरीचं माप बारा. गणपतीत घेतलंय मी. तुझी रायफल केवढ्याची?"

"साडेतेरा," मी म्हणालो. "म्हणजे काका, ती वाढेल तशी..."

"लग्नातला शालू नेसवून पोरीला बालवाडीत धाडलास की लेका!" काका कडाडले. "बूट घे वाढत्या मापाचे. स्वेटर घे. रायफल आजच्या अंगाची घ्यायची. हरीण आज समोर येणार आहे, ती कॉलेजात गेल्यावर नाही."

"पण मग दरवर्षी नवीन?"

"छोट्या रायफलीला मागं चकत्या लावता येतात. पोर वाढली की एक चकती वाढवायची. परकराला दुमड असते तशी. तुला कोणी सांगितलं नाही?"

डेलने सांगितलं होतं. मी ते काकांना सांगितलं नाही.

काकांबरोबर डेलच्या दुकानी जायला मुक्ताला मी कसंबसं गाडीत बसवलं. "जस्ट बघायला," असं कबूल करून. डेलने माझी पट्टी पाहिली आणि सभ्यपणे छताकडे पाहिलं. काकांनी त्या आपल्या जुन्या शिकारसोबत्याला काडतूस सांगितलं, टू फॉर्टी थ्री. हरणाला पुरे आणि खांद्याला सोसेल असं. बोल्टवाली हवी, म्हणजे एका गोळीनंतर दुसरी चढवायला हात चालवावा लागतो, आणि हात चालेपर्यंत डोकंही चालतं. डेलने चार रायफली मांडल्या. काकांनी प्रत्येक रिकामी असल्याची बोटाने खात्री करून घेतली आणि एक मुक्ताच्या हातात दिली.

"डोळे मीट. आता खांद्याला लाव, गाल टेकव. घाई नको. आता उघड. दुर्बिणीत काय दिसतं?"

"हाफ मून."

"ठेव खाली. दुसरी."

तिसऱ्या रायफलीला तिने गाल टेकवला, डोळे उघडले. मग म्हणाली, "फुल सर्कल, काका."

"कडेला काळं?"

"नाही."

"मान ताणलीस?"

"नाही!"

"मग ही तुझी," काका म्हणाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू ती तोफ परत दे."

तीन आठवडे काकांनी तिला रेंजवर बसवलं. मॅग्नमची भीती अंगातून काढायचा त्यांचा उपाय सोपा होता. गोळ्या ते स्वतः भरत, त्यात मधूनच एक खोटी. खोटी आली की नुसतं 'टक्' व्हायचं, आणि मुक्ता धक्का नसतानाच दचकायची. स्वतःचं दचकणं दिसलं की तिला हसू यायचं. दुसऱ्या आठवड्यात ती खऱ्या गोळीलाही दचकेना. काका शेजारी तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसत आणि दर गोळीला म्हणत, "बरोब्बर! पुढची."

तिसऱ्या आठवड्यात मुक्ता माझ्या कानाशी आली. "बाबा, काकांच्या स्कोपचं कव्हर काढलेलंच नाहीये."

मी पाहिलं. खरंच, पुढच्या भिंगावर काळं टोपण तसंच होतं. काकांनी आमची कुजबुज ऐकली. टोपण चाचपलं, काढलं, परत लावलं.

"डोळ्याच्या मधोमध डाग आलाय," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. ज्याच्याकडं बघावं तेच नाहीसं होतं. यंदा मी रायफल उचलणार नाही. डेलला नका सांगू. कळलं की तो फार प्रेमानं वागेल, आणि मग शिकारीला बोलवायचं बंद करेल."

"मग तुम्ही आमच्याबरोबर या," मुक्ता म्हणाली. तेही मराठीत, आणि मी तिला टोकलं नसताना.

शनिवारी पहाटे आम्ही तिघं काकांच्या एका गिरणीमित्राच्या शेताच्या कडेला, तंबूसारख्या आडोशात बसलो. मुक्ता पुढे, शेजारी काका, मागे मी. बाकरवडीची पिशवी काकांनी माझ्याकडून आधीच जप्त केली होती. "ही चुरचुरली की तालुक्यातली हरणं पळतील." उजाडता उजाडता गवत हललं आणि एक नर बाहेर आला. चारेक महिने तिने ज्याची वाट पाहिली होती तो, साठ पावलांवर, आडवा उभा. मुक्ताने रायफल खांद्याला लावली. मान ताणली नाही, डोळे मिटले नाहीत.

"आलं ना?" काका कुजबुजले. त्यांचं तोंड भलत्याच बाजूला होतं. "काय करतंय?"

"खातोय. ग्रास नाही... ते ओकच्या झाडाचे अ‍ॅकॉर्न्स."

"शिंगं?"

"एका साइडला दोन. दुसऱ्या साइडला तीन. एक छोटंसं आहे, तुटलेलं."

"भांडला असेल. कान?"

"एक आपल्याकडे, एक मागे." ती शब्द शोधत होती, सापडत नव्हते, तरी सोडत नव्हती. "नाक ओलं आहे, काका. शायनी. तोंडातून वाफ येतेय."

"वाफ येतेय," काका म्हणाले आणि पुढे झुकले. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटं हलत होती. "अजून? पाठ कशी आहे?"

ती सांगत राहिली. पाठीवरचे दोन केस उभे राहिलेलेसुद्धा तिने सांगितले. मला मागून ओरडावंसं वाटत होतं, अगं, मार! मग वारा फिरला, नराने मान वर केली आणि दोन उड्यांत तो झाडीत गेला.

गाडीपाशी आल्यावर काकांनी डेलला फोन लावला. "ए डेल, पाच टोकांचा नर! एक टोक मोडकं. तोंडातून वाफ येत होती बघ, इतका जवळ!" इंग्रजीत इतकं फाडफाड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मुक्ता रायफल रिकामी करत होती. बोल्ट मागे ओढून, बोटाने चाचपून, काकांच्या पद्धतीने. मी हळूच विचारलं, "समोर उभा होता गं. परत घाबरलीस का?"

"नो!" ती चिडून म्हणाली. मग गाडीपलीकडे उभ्या काकांकडे बघून तिने आवाज खाली आणला.

"काका अजून बघत होते ना."