पाठमोरे कावळे

आमच्या महाडात कोणी गेलं की घरचे पहिला फोन भटजींना करतात आणि दुसरा गणूमास्तरांना. मास्तर कसलेही विधी करत नाहीत. ते नवकवी आणि नवचित्रकार आहेत, आणि देवाधर्माचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण दहाव्याला ते सावित्री नदीच्या घाटावर फळी-कागद घेऊन बसले की कावळा पिंडाला लगेच शिवतो, अशी गावाची खात्री आहे.

मास्तर मूळचे आंबेनळीच्या बाजूच्या एका वाडीतले. पोलादपूरला शाळेत चित्रकला शिकवायचे. बायको गेल्यापासून फक्त कावळे काढतात, तेही पाठमोरे. माझं फोटो-फ्रेमचं दुकान असल्यामुळे ही चित्रं माझ्याच भिंतीवर, हार घातलेल्या फोटोंशेजारी लटकतात. आजवर एकही खपलेलं नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "याचं तोंड कुठाय?" मास्तर म्हणाले, "समजून घेऊ नका. नुसतं पाहा." त्याने पाहिलं आणि शेजारची गणपतीची तसबीर घेऊन गेला.

कवितेचंही तेच. वाचनालयाच्या कार्यक्रमात ते उभे राहिले, "कावळा बसला. फांदी उठली," एवढं म्हणाले आणि खाली बसले. अध्यक्ष बराच वेळ उरलेल्या कवितेची वाट पाहत होते. मी नंतर अर्थ विचारला, तर पुन्हा "समजून घेऊ नका, नुसतं पाहा." या एका वाक्यावर माणसाने जन्म काढला. त्यांची बायको, सुमनकाकी, काही सांगायला लागली की हे तिचा चेहरा खिडकीच्या उजेडात कसा दिसतो ते पाहत बसायचे. ती बिचारी अर्धं बोलून स्वयंपाकघरात जायची.

गेल्या वर्षी माझे वडील गेले. थोरला भाऊ त्यांच्याशी भांडून मुंबईला गेलेला, तो शेवटपर्यंत आला नाही. आईने धास्तीच घेतली. "त्यांचा जीव थोरल्यात अडकलाय. कावळा नाय शिवायचा," असं म्हणत ती ताटावरून उठायची. दहाव्याला मी मुकाट्याने मास्तरांना बोलावलं. पिंड मांडून हात जोडतोय तोच कावळा उतरला. मी घाटावरूनच घरी फोन केला. आई रडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घाटावर विसरलेला तांब्या आणायला गेलो. मास्तर पायरीवर एकटेच बसले होते. पिशवीतून भाताचे गोळे काढून, वर तीळ टाकून, ओळीने मांडत होते. थेट पिंडासारखे. कावळे न बिचकता त्यांच्या पायाशी खात होते. हा रोजचा रतीब होता.

खरं सांगतो, मला संताप आला. माझ्या आईचं समाधान त्या पिशवीतून आलं होतं.

"मास्तर, ही फसवणूक आहे."

"हाय," ते म्हणाले. एरवी पुस्तकी बोलणारा माणूस वाडीच्या बोलीवर आला होता. "पण कुणाला हितं ताटकळायला लागू नये रे. सुमनच्या दहाव्याला आम्ही दुपार टळेपर्यंत उभे होतो. आमच्या पोरीला सांभाळतो म्हटलं, चित्रं सोडतो म्हटलं. सगळे कावळे त्या कठड्यावर बसलेले, आमच्याकडं पाठ करून. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला नि पिंडाला लावला."

ती पाठ मी दुकानात रोज पुसत होतो. फ्रेमवरची धूळ म्हणून.

"काकीला काय हवं होतं?" मी विचारलं.

मास्तरांनी हाताला चिकटलेली शितं काढली.

"तेच नाय समजलं. अजून नाय. मी तिला जन्मभर नुसतं पाहिलं."

आईला हे मी अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मी तांब्या विसळला, त्यांच्या शेजारी बसलो आणि उरलेल्या भाताचे गोळे वळायला घेतले.