कपाटातला वादळवीर

"भाऊ, आवाजात एकटेपणा कमी पडतोय," डबिंगच्या दिग्दर्शिकेनं सकाळीच फोनवर सांगितलं, आणि भाऊंना हसावं की रडावं कळेना. बायको देवाघरी गेलेली, मुलगी परदेशात, आणि घरात त्यांना साद घालणारं एकच काय ते वॉशिंग मशीन. तेही काम आटोपलं की शिट्टी मारून गप्प बसायचं.

भाऊ म्हणजे सिनेमातल्या उडत्या वादळवीराचा मराठी आवाज. या वादळवीराला सिनेमावाल्यांनी तीनदा नव्यानं जन्माला घातलं होतं. दर खेपेला नट नवा, पोशाख नवा. पण आईबाप पुन्हा तेच मरायचे आणि हा गडी उडायला पुन्हा पहिल्यापासून शिकायचा. भाऊंनी त्याच आईबापांसाठी तीनदा टाहो फोडला होता. पहिला वादळवीर विनोद करायचा, दुसरा प्रवचन झोडायचा, तिसरा पुन्हा विनोद करायला लागला. प्रेक्षक जांभया देऊ लागले, म्हणून आता चौथा. हा म्हणे उदास, अंधारात बसून राहणारा. भाऊंचा आवाज पडला खुशालचेंडू. संध्याकाळपर्यंत नमुना पसंत पडला नाही, तर आवाज बदलायचं ठरलं होतं. भाऊंनी त्याचीच धास्ती घेतली होती. वादळवीर गेला, तर दिवसभर तोंड उघडायचं तरी कशासाठी?

घरी रेकॉर्डिंग करायचं तर भाऊ कपड्यांच्या कपाटात बसत. आत आवाज घुमत नाही. आज त्यांनी जरा त्वेषानंच दार ओढून घेतलं आणि बाहेरची कडी खटकन पडली. प्रसंग होता तळघरात कोंडलेल्या वादळवीराचा. भाऊंनी दोनचार वेळा वाक्य म्हटलं, घाम पुसला, दार ढकललं. दार हललं नाही.

"कुणी आहे का बाहेर?" भाऊ ओरडले. हेच त्या प्रसंगातलं वाक्य होतं.

भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेल्या सिस्टर झोपल्या होत्या. त्यांनी भिंत ठोकली. "भाऊ, आज जरा हळू! डोळा लागत नाहीये माझा."

"सिस्टर, मला बाहेर काढा! मी कोंडलोय!"

"मस्त जमलंय, पण हळू!"

भाऊंनी मुलीला फोन लावला. "बाळा, मी अंधारात अडकलोय. श्वास कोंडतोय."

"बाबा, अंगावर काटा आला! मीटिंगमध्ये आहे हं, नंतर बोलते." फोन बंद.

दिग्दर्शिकेला लावला, आणि बोलता बोलता दारावर धक्के देत पुन्हा ओरडलेही, "कुणी आहे का बाहेर?" तिनं सगळं ऐकून घेतलं. "भाऊ, हाच तो टोन! रेकॉर्ड केलंय मी. वरच्या लोकांना लगेच ऐकवते," म्हणाली आणि तिनंही फोन ठेवला. तिसरा नंबर शोधावा, तर खाली होते गॅसवाले, बँक आणि वीज मंडळ. वीज मंडळानं तक्रारीसाठी एक दाबायला सांगितलं. भाऊंनी एक दाबला आणि बराच वेळ संगीत ऐकलं.

शेवटी भाऊ खाली बसले. त्यांना खरंच रडू आलं. इतकी वर्षं दूधवाल्याशी, वॉचमनशी, मुलीशीसुद्धा ते वादळवीराच्या भारदस्त आवाजात बोलत आले होते, कारण लोकांना तो आवडायचा. आता घसा पार बसला, आणि जो उरला तो त्यांचा स्वतःचा होता. बारीक, किंचित कापरा.

"सिस्टर," ते भिंतीला तोंड लावून म्हणाले, "मी आहे हो. येता का जरा?"

पलीकडे पलंग करकरला. "कोण? कोण आहे भाऊंच्या घरात? भाऊंचा आवाज ओळखते मी, हा त्यांचा नव्हे!"

मग धावपळ झाली. सिस्टरांकडे घराची जादा किल्ली होती. त्या हातात फरशी पुसायचा दांडा घेऊन आत आल्या, मागे वॉचमन शिट्टी फुंकत. "चोरा, हलू नकोस!" म्हणत सिस्टरांनी कडी काढली. आत कोटांच्या खाली भाऊ, घामानं निथळलेले.

"अगंबाई, भाऊ! तुमचा आवाज असा आहे?"

"असाच आहे," भाऊ म्हणाले. "वापरात नसतो."

सिस्टरांनी त्यांना पाणी पाजलं, नाडी पाहिली, रागावून घेतलं आणि झोपेचं खोबरं झालंच आहे तर चहा तरी टाकते म्हणून स्वयंपाकघरात शिरल्या. वॉचमन सोफ्यावर टेकून बायकोला फोनवर सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगू लागला. तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला.

"भाऊ, वादळवीर तुमचाच!" दिग्दर्शिका ओरडली. "फक्त शेवटच्या शब्दावर काहीतरी आपटल्याचा आवाज आलाय. तेवढं एकदा परत म्हणा. आत्ताच हवंय."

पाण्यानं घसा जरा सुटला होता; भाऊंनी डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि जुना भारदस्त आवाज लावला. "कुणी आहे का बाहेर?"

"अहो, हे तर पाहुण्यांना चहा विचारल्यासारखं वाटतंय! परत."

परत म्हटलं. आणखी वाईट. आतून सिस्टरांनी विचारलं, "साखर किती?" वॉचमननं परस्पर सांगितलं, "मला दोन!"

"घरात माणसं आहेत का?" दिग्दर्शिका कावली. "त्यांना घालवा आधी, भाऊ. दहा मिनिटं शांत बसा, मग म्हणा. नाहीतर दुसरा आवाज तयार आहे."

भाऊंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सिस्टर दुधाचं पातेलं शोधत भाऊंच्या बायकोच्या थाटात कपाटं आपटत होत्या.

"मग त्यालाच द्या," भाऊ बारीक, कापऱ्या आवाजात म्हणाले. "आमचा चहा होतोय."

"हॅलो? कोण बोलतंय? भाऊंना द्या जरा!"