दुधीचा नंबर

"हात लावू नकोस," निकेत म्हणाला. "आज भेंडीचा नंबर नाही."

स्वातीचा हात भेंडीच्या डब्यापासून चार बोटांवर थांबला. डब्यावर निकेतच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'भेंडी. आत आल्याची तारीख ५.' आज बारा तारीख होती.

"मग कोणाचा नंबर आहे?"

"गवारीचा. एक तारखेची आहे. उद्या तोंडली, परवा दुधी. भेंडीला अजून वेळ आहे."

निकेत भिवंडीला औषधांच्या गोदामात सुपरवायझर होता. तिथे एकच कायदा चालायचा: आधी आलेलं आधी बाहेर. औषधांसाठी तो कायदा उत्तम होता. भायंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजला तो कोणी लागू करायला सांगितला नव्हता. म्हणजे, खरं सांगायचं तर स्वातीनेच सांगितला होता. चार महिन्यांपूर्वी कोथिंबिरीची जुडी चिखल झालेली पाहून ती म्हणाली होती, "इतकं गोदाम सांभाळतोस, एवढा फ्रिज सांभाळून दाखव." या वाक्याचा तिला दिवसातून सहा वेळा पश्चात्ताप व्हायचा.

निकेतने सांभाळून दाखवला. कोथिंबीर पाण्याच्या ग्लासात, गुलाबासारखी. मिरच्या देठं खुडून. भेंडी पुसून, कोरडी करून, मलमलच्या फडक्यात. कांदे-बटाटे फ्रिजबाहेर, गॅलरीत, दोन वेगळ्या टोपल्यांत, कारण शेजारी ठेवले की एकमेकांना बिघडवतात. "त्यांना हवेशीर जागा लागते," तो सांगायचा. "हवा मिळाली की टिकतात."

आणि सगळं टिकलं. तिथेच घोटाळा झाला. भाजी टिकते म्हटल्यावर निकेत जास्त आणायला लागला. जास्त आणली म्हणून रांग वाढली. नव्याने आणलेली टवटवीत भाजी स्वातीच्या डोळ्यांदेखत फ्रिजमध्ये शिरायची आणि तिची पुढची भेट थेट अकराव्या दिवशी व्हायची. घरात सडत काहीच नव्हतं. ताजंही काही मिळत नव्हतं. ते दोघं रोज, न चुकता, अकरा दिवसांची भाजी खात होते.

"शनिवारी बाबा येतायत," स्वाती म्हणाली. "त्यांना मी अकरा दिवसांचा दुधी वाढणार नाही."

"काय झालं दुधीला? दगडासारखा आहे."

"तेच म्हणतेय मी."

स्वातीचे बाबा, गुणवंत पाटील, अडतीस वर्षं गोडदेव नाक्यावर भाजी विकत होते. आता महाडला गावी असायचे आणि वर्षातून एकदा लेकीकडे यायचे. भेंडीचं टोक मोडून तिचं वय सांगणारा माणूस. लहानपणी स्वाती जेवताना नखरे करायची तेव्हा ते म्हणायचे, "भाजीवाल्याची पोर तू. गावातलं सगळ्यात ताजं तुझ्या ताटात येतं." त्या बापाच्या ताटात आता लेकीच्या घरात गोदामातला माल पडणार होता. नुसत्या विचारानेच तिचं डोकं भणभणत होतं.

शुक्रवारी तिने ऑफिसातून लवकर निघून वसईहून येणाऱ्या बाईकडून सकाळी तोडलेली वांगी घेतली. बोटाएवढी, काटेरी, चकचकीत. वर मेथीची जुडी. प्रश्न ठेवायचं कुठे हा होता. आपल्या फ्रिजमध्ये ठेवली तर चिठ्ठी लागणार आणि चोवीस तारखेला सुटका होणार. तिने समोरच्या जैन शेजारणीची, हंसाबेनची बेल वाजवली.

"आप के फ्रिज में एक रात रखना था. बस वांगी और मेथी."

हंसाबेनने पिशवीत डोकावून पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. "स्वाती, सोना रख, चांदी रख, मैं संभालूंगी. तेरी सास को भी रख लूंगी. बैंगन नहीं. और चौमासे में पत्तेवाली भाजी तो हमारे घर में कोई देखता भी नहीं."

लग्नानंतरच्या सात वर्षांत निकेतने घरातल्या एकाच वस्तूला हात लावला नव्हता, ती म्हणजे वॉशिंग मशीन. स्वातीने वांगी ओल्या फडक्यात बांधली, मेथी पेपरात गुंडाळली आणि दोन्ही मशीनच्या तळाशी ठेवली. वरून चार टॉवेल टाकले. थंड, अंधारी, बंद जागा. निकेतला स्वतःला सुचली नसती.

रात्री तोंडलीवरून भांडण झालं.

"रबर आहे हे," स्वाती म्हणाली.

"वेस्ट तर नाही ना गेलं?"

"फ्रिजवर पहारा देण्यापलीकडे करतोस काय तू घरात? कधी एका कपड्याला तरी हात लावलायस?"

निकेतने ते वाक्य मनावर घेतलं.

शनिवारी सकाळी स्वाती बाबांना आणायला गेली. परत आली तर घरात चमेलीचा वास पसरला होता आणि निकेत पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल खांद्यावर टाकून अभिमानाने उभा होता. टॉवेलवर मेथीची पानं होती. मशीनच्या झाकणावर वांगी मांडून ठेवली होती. चारदोन फुटली होती. बाकीची इतकी चमकत होती की त्यांत तोंड दिसावं.

"बाबा, या, बसा," निकेत म्हणाला. मग खालच्या आवाजात, "स्वाती, मशीनमध्ये वांगी कोण ठेवतं?"

"जिच्या फ्रिजमध्ये नवीन भाजीला सासुरवास असतो, ती."

"मी मुद्दाम गरम पाण्यावर लावलं. डागांचं बटण पण दाबलं."

"मशीनला हात लावायला आजचाच मुहूर्त सापडला तुला?"

"कालच तर तू म्हणालीस." निकेतने वांग्याचा वास घेतला, आणि समजूतदारपणे म्हणाला, "तसाही आज दुधीचाच नंबर होता."

स्वातीने दुधी असा चिरला की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. खाली जाऊन दुसरं काही आणावं तर बाबा पहाटे चारला उठून निघालेले, भुकेले, हातपाय धुऊन पाटावर बसलेलेच. तिने ताट वाढलं आणि भिंतीकडे बघत उभी राहिली.

बाबांनी पहिला घास घेतला. चावला. थांबले.

"किती दिवसांचा आहे?"

"अकरा," निकेत अभिमानाने म्हणाला.

"वाटलंच. दहाच्या वरचा आहे." बाबांनी दुसरा घास घेतला आणि डोळे मिटले. "स्वाते, अगदी तुझ्या आईच्या हातची चव आहे बघ."

स्वाती भिंतीकडून वळली. "म्हणजे?"

"म्हणजे काय? असाच असायचा की आपल्याकडे दुधी. गावी सून परसातला ताजा करते, नुसतं पाणी लागतं. चार वर्षांत धड जेवलो नाही."

"बाबा, गावातलं सगळ्यात ताजं आपल्या ताटात यायचं."

"ते तू जेवायची नाहीस म्हणून सांगायचो." बाबा शांतपणे भात कालवत होते. "ताजं घरी आणलं असतं तर विकलं काय असतं? ताजं गिऱ्हाइकाला. जे चार दिवस पाणी मारूनही खपायचं नाही ते घरी. तुझी आई म्हणायची, पोरगी शिकू दे, तिला कळायला लागलं की ताजं आणू. मग तू शिकलीस, लग्न झालं. राहूनच गेलं."

स्वातीला तीन माणसांवर एकाच वेळी राग आला. त्यातली एक व्यक्ती ती स्वतः होती, कारण दुधी तिनेही आवडीने खाल्लेला होता. पंचवीस वर्षं.

जेवण झाल्यावर बाबांना फ्रिज बघायचा होता. सासरा-जावई उघड्या दारासमोर उकिडवे बसले. बाबांनी डोळे मिटून एक भेंडी दाबली. "नऊ दिवस."

निकेतने चिठ्ठी बघितली. तारीख पाच, आज चौदा. त्याने बाबांच्या पायाला हात लावला.

"ओलं गोणपाट वापरता का?" बाबांनी विचारलं.

"नाही. सांगा ना."

"जावईबापू, तुम्ही आमच्या लायनीत पाहिजे होतात. पंधरा दिवस सहज काढाल तुम्ही."

पंधरा हा आकडा ऐकल्यावर स्वातीने ड्रॉवरमधून चिठ्ठ्यांचं पाकीट काढलं. एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ती निकेतच्या शर्टाच्या खिशावर थापटून चिकटवली. निकेतने मान वाकडी करून वाचली: 'निकेत. आत आल्याची तारीख ४ मार्च २०१४.'

"हा फ्लॅट तू घेतलास तेव्हाची आहे," ती म्हणाली. "मी त्यानंतर चार वर्षांनी आले. बाबा आज आले. कायदा काय आहे?"

निकेत प्रामाणिक माणूस होता. "आधी आलेलं आधी बाहेर."

"ही पिशवी. ताजी वांगी आणायची. आज तोडलेली. मिळाल्याशिवाय घरात यायचं नाही."

तो पिशवी घेऊन निघाला. लिफ्टपाशी हंसाबेन उभ्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, मान डोलावली आणि त्याला पुढे जायला जागा करून दिली.

बाबा लगबगीने गॅलरीत गेले आणि कठड्यावरून वाकले.

"जावईबापू," त्यांनी खाली हाक दिली. "काल राहिलेली असतील तर ती बघा. परवाची असली तर फारच उत्तम."

खालून निकेतने अंगठा दाखवला.

स्वातीने गॅलरीचं दार आतून ओढून घेतलं आणि कडी घातली. कांद्यांची टोपली तिथेच होती, बटाट्यांचीही. जागा हवेशीर होती. बाबा संध्याकाळपर्यंत सहज टिकले असते.